‘तिला गाता येत नाही’ म्हणणाऱ्या श्रोत्यास

कॅरोल किंग या अमेरिकन संगीतकार-गायिकेच्या ‘टॅपेस्ट्री’ या १९७१ सालच्या अल्बमवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक श्रोता’ या नावानं एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश देतो. कॅरोल किंगला मुळात गाता येत नाही, तिची गाणी दुसऱ्यांनी, अरेथा फ्रँकलिनसारख्या गायिकांनी, गायली तेव्हा कुठं ती गाणी झाली. १९७१ सालचाच गायिका जोनी मिचेलचा ‘ब्लू’ हा अल्बम याच्यापेक्षा कितीतरी वरचा. खपाच्या यादीत पंधरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहणं आणि ग्रॅमी मिळणं म्हणजे दर्जा नव्हे. ‘स्मॅकवॉटर जॅक’ हे गाणं तर उगाच घुसडलेलं. आणि सरतेशेवटी, ‘लेखकमहाशयांनी आठवणींचे कढ काढण्याआधी थोडं संगीत ऐकावं.’

या शेवटच्या वाक्याचं आधी बघू. मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही, कधीच नव्हती. पण ‘थोडं संगीत ऐकावं’ हे आपण कुणाला सांगतो आहोत याची थोडी विचारपूस करायला काय हरकत होती? माझे वडील संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. मी गिरगावात एका गोवेकर सरांकडे पियानो शिकलो आणि उमेदीची सगळी वर्षं भावगीतांच्या, जाहिरातींच्या रेकॉर्डिंगला की-बोर्ड वाजवण्यात घालवली. ऐकणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा होता. आपण नाव लावत नाही, स्वतः काय ऐकलंत ते सांगत नाही, आणि परीक्षकाच्या खुर्चीत मात्र बसता. ‘महाशय’ म्हटल्यानं वाक्य सभ्य होत नाही.

एक गोष्ट मान्य. ‘स्मॅकवॉटर जॅक’ या अल्बममध्ये मलाही जरा वेगळं पडल्यासारखं वाटतं. बाकीची गाणी एका खोलीत बसून गायलेली, हे रस्त्यावरचं. तिथं आपलं बरोबर आहे.

आता ‘गाता येत नाही’.

मराठी रेकॉर्डिंगच्या खोलीत बसलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं: गायिका माइकसमोर उभी राहण्याआधी संगीतकार पेटी पुढं ओढतो आणि चाल सांगतो. त्याचा आवाज बसका असतो. वरचा सूर कधी लागतो, कधी नुसता दाखवला जातो. पण शब्द कुठं थांबवायचा, कुठली ओळ श्वासाच्या टोकावर ठेवायची, कुठं ठेक्याच्या किंचित मागं राहायचं, हे त्याच्याइतकं कुणाला कळलेलं नसतं. मग गायिका गाते, उत्तमच गाते, आणि रेकॉर्ड तिची निघते. वादकांच्या कानात मात्र संगीतकारानं सांगितलेली ती चाल राहून जाते. अशा कितीतरी चाली मी ऐकल्या, त्या कुठंही ध्वनिमुद्रित नाहीत. न्यूयॉर्कमध्ये दहा वर्षं दुसऱ्यांसाठी गाणी करणाऱ्या बाईची तशीच चाल ‘टॅपेस्ट्री’त जशीच्या तशी उतरली आहे. ती मला मोलाची वाटते, आणि याला आपण ‘कढ’ म्हणता.

हे माझ्या मनाचे खेळही नव्हेत. ‘टॅपेस्ट्री’चा निर्माता लू अ‍ॅडलर कधीकाळी कॅरोल जिच्यासाठी गाणी करायची त्याच प्रकाशन कंपनीचं लॉस एंजेलिसचं काम बघायचा. बड्या गायकांना गाणं ऐकवण्यासाठी ती स्वतः पियानोवर बसून जे कच्चे डेमो करायची, ते त्याच्याकडे यायचे आणि त्याला अतिशय आवडायचे. १९७१ च्या जानेवारीत हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत रेकॉर्डिंग करताना त्याला नेमकं तेच हवं होतं. ही बाई आपल्यासमोर पियानोवर बसून गाते आहे असं ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे. म्हणून पियानो मधोमध, जवळ. ‘आय फील द अर्थ मूव्ह’ डाव्या हाताच्या ठोक्यांवर उभं आहे, गळा त्या हाताला चिकटून चालतो. ‘इट्स टू लेट’चा अंतरा दोन कॉर्ड्समध्ये मागंपुढं होत राहतो, तिथून न हलणाऱ्या माणसासारखा, आणि ध्रुवपदात एकदम दुसरीकडं उघडतो. तिथं आवाज चढवायचा मोह कुठल्याही तयारीच्या गळ्याला झाला असता. ती चढवत नाही. गाता येत नाही म्हणून नव्हे. गीतकार टोनी स्टर्नचे ते शब्द संपलेल्या नात्याबद्दल आहेत, आणि त्यात आता भांडायलाही काही उरलेलं नाही, म्हणून. वर्षाची सर्वोत्तम रेकॉर्ड म्हणून ग्रॅमी याच गाण्याला मिळालं.

आपण अरेथा फ्रँकलिनचं नाव माझ्या तोंडावर फेकलंत. अरेथाचं ‘नॅचरल वूमन’ मी कमी मानतो असं मी कुठं लिहिलं आहे, दाखवा. १९६७ च्या त्या रेकॉर्डमध्ये मागं वाद्यमेळ आहे, तिच्या बहिणींचा कोरस आहे, आणि गळा तर चर्चमध्ये घडलेला. ते गाणं अरेथाचा निर्माता जेरी वेक्सलरनं मागितलं म्हणून कॅरोल किंग आणि जेरी गॉफिन या तेव्हाच्या नवरा-बायकोनं खास अरेथासाठीच केलं होतं. तिच्या गळ्याला शोभेल अशीच ती चाल आहे, ते घडवणारीलाच आधी माहीत. तरी कॅरोलनं तेच गाणं अल्बमच्या अगदी शेवटी ठेवलं, आणि साथीला काय? पियानो आणि चार्ल्स लार्कीचा बास. अरेथाशी स्पर्धा करायची असती तर कुणी इतकं मोकळं मैदान ठेवलं असतं का? २०१५ साली केनेडी सेंटरच्या समारंभात कॅरोलच्या सन्मानार्थ अरेथानं हेच गाणं गायलं. सुरुवातीला ती स्वतः पियानोवर बसली होती. गॅलरीत कॅरोल किंगची आनंदानं काय अवस्था झाली ते सगळ्या जगानं पाहिलं. त्या दोघींमध्ये हेवादावा नव्हता. तो आपण आणलात.

‘विल यू लव्ह मी टुमॉरो’बद्दल आपण चकार शब्द काढला नाही, आणि खरं म्हणजे आपल्या मुद्द्याचं उत्तर तिथंच आहे. हे गाणं १९६० मध्ये शिरेल्स या गटासाठी झालं, तेव्हा कॅरोल अठरा वर्षांची होती. शिरेल्सचं गाणं झोकात जातं, तरुण आहे, ऐकायला गोड आहे. दशकभरानंतर, लग्न मोडून, दोन मुलींना घेऊन कॅलिफोर्नियात आलेली तीच बाई तेच गाणं लय पार उतरवून गाते, मागं जेम्स टेलर आणि जोनी मिचेलचे आवाज. शब्द तेच आहेत, पण उद्या काय होतं हे आता गाणारीला माहीत आहे. हे गळ्याच्या तयारीनं येत नाही. मी भल्याभल्या गळ्यांना साथ केली आहे. हरकती, मुरक्या, फिरत सगळं असूनही एखादी ओळ कोरडी राहते आणि सगळी खोली गप्प बसते, हे मी पाहिलेलं आहे. आपण कदाचित पाहिलं नसेल.

‘ब्लू’ मोठा की ‘टॅपेस्ट्री’, या वादात मी पडत नाही. दोन्ही एकाच स्टुडिओच्या इमारतीत, त्याच सुमाराला रेकॉर्ड झाले, आणि जोनी या बाईच्या अल्बमवर आनंदानं गायली, एवढं पुरे. खपाचे आकडे मी पुरावा म्हणून दिलेच नव्हते, माहिती म्हणून दिले होते. लेख पुन्हा वाचलात तर दिसेल.

आता माझी एकच मागणी. ‘गाता येत नाही’ हे वाक्य टाकून निघून जाऊ नका. ‘सो फार अवे’ घ्या, ‘इट्स टू लेट’ घ्या, हवं ते घ्या, आणि सांगा: कुठली ओळ बेसूर आहे, कुठं श्वास चुकला, कुठं शब्द तुटला. मी पियानोवर बसून ती जागा तपासून बघीन आणि पटली तर इथंच तसं लिहीन. आणि पुढच्या वेळी खाली नाव लावा.