मास्लोचा त्रिकोण आणि शिरोलीतलं मोल्डिंग

कोल्हापूरजवळची शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो, नाहीतर कागलची पंचतारांकित एमआयडीसी असो. फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून कास्टिंग करणाऱ्या कारखान्यात, ‘मोटिव्हेशन’चं ट्रेनिंग ठेवलं की तिसऱ्या स्लाइडला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मास्लोच्या नावाचा तो गरजांचा त्रिकोण येतोच. तळाला भाकरी-निवारा, त्यावर सुरक्षितता, मग आपली माणसं, मग मान, आणि टोकाला ‘आत्मवास्तविकीकरण’ (आपल्यात जे होण्यासारखं आहे ते होणं) असा जिभेची परीक्षा बघणारा शब्द. ट्रेनर सांगतो, खालची पायरी भरल्याशिवाय वरची लागत नाही. मालक मान डोलावतात, कारण त्यातून सोयीचा अर्थ निघतो: आपला कामगार अजून तळाच्या पायरीवर आहे, त्याला पैशाशिवाय काही कळत नाही, जादा पैशाची एखादी स्कीम लावून टाका.

या स्कीमा बहुतेक फसतात, आणि कामगार आळशी म्हणून फसत नाहीत. माणसाच्या गरजांचा हिशेबच चुकीचा मांडलेला असतो.

पहिलं म्हणजे तो त्रिकोण मास्लोनं काढलेलाच नाही. 1943 सालच्या त्याच्या मूळ लेखात चित्र नाही. त्रिकोण नंतर मॅनेजमेंट शिकवणाऱ्यांनी रुळवला. उलट त्याच लेखात तो सांगतो की गरजा एकामागं एक पुऱ्या होऊन संपत नाहीत, सगळ्या एकदमच थोड्या थोड्या भागलेल्या असतात. उदाहरणादाखल, आकडे मनानं घेतलेत असं स्वतःच सांगून, तो टक्केही देतो: शरीराच्या गरजा 85, सुरक्षितता 70, प्रेम 50, स्वाभिमान 40, आत्मवास्तविकीकरण 10. क्रम उलटा झालेली माणसं असतात हेही त्यानं लिहिलंय. ती ओळ स्लाइडवर कधी दिसत नाही.

कोल्हापुरात तर हे सांगायलाच नको. घरावरचा पत्रा गळत असतो आणि पोरगं तालमीच्या गणपतीची वर्गणी पहिली देतं. शाहू स्टेडियमवर पेठेचा फुटबॉलचा सामना असला की कॉन्ट्रॅक्टवरचा गडी अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून गॅलरीत जाऊन बसतो. त्याला पोट नाही असं थोडंच आहे? (राजर्षी शाहूंनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं तेव्हा गावाकडनं शिकायला आलेल्या पोराला जेवण, राहणं आणि सोबत एकाच छपराखाली मिळालं. मास्लो जन्मला 1908 साली.)

दुसरा माणूस हर्झबर्ग, हाही अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. 1959 साली छापलेल्या अभ्यासात त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारलं, कामावर खूप चांगलं कधी वाटलं आणि खूप वाईट कधी. वाईटाच्या यादीत धोरणं, साहेबाची वागणूक, पगार, कामाची जागा. चांगल्याच्या यादीत जमलेलं काम, दखल, जबाबदारी, कामच आवडणं. म्हणजे पगार, पाणी, संडास, भट्टीजवळचा पंखा हे सगळं रश्श्यातल्या मिठासारखं: नसलं तर ताट सरकवलं जातं, असलं म्हणून कुणी वाहवा करत नाही. यावरचा आक्षेपही खरा आहे. चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःकडं घेतो, बिघडलं की साहेबावर ढकलतो, त्यामुळं त्या याद्या थोड्या आपोआपच तशा पडतात. तरी कामाचा क्रम त्यातून मिळतो. पगार तारखेला होत नसेल तर ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’चा फोटो लावू नका. त्या फोटोखाली काय काय बोललं जातं ते इथं लिहिण्याजोगं नाही.

आता स्कीम जवळनं बघू. समजा मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे भरायच्या कामाला, शिफ्टमध्ये 120 बॉक्स (साच्याच्या पेट्या) ठरलेत आणि त्यावरच्या प्रत्येक बॉक्सला जादा पैसे. आठवड्यात आकडा 150 वर जातो, पेढे वाटले जातात. पण तीस बॉक्सचा वेळ कुठनं तरी निघालेला असतो. रॅमिंगचे, म्हणजे वाळू ठोकून घट्ट करायचे, चार ठोके कमी पडतात, व्हेंट (गॅस निघायची भोकं) मारायचे राहतात. मऊ मोल्ड धातूच्या दाबानं फुगतो, कास्टिंग जाड येतं. वाळू सुटून आत अडकते. गॅसला वाट नसली की ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगमध्ये पोकळी. हे कळतं फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करताना, नाहीतर तीन-चार दिवसांनी मशीनशॉपमध्ये वरचा थर निघाल्यावर. तोवर तो बॉक्स कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही आणि जादा पैसे तर वाटून झालेले असतात.

मग मालक स्कीम फिरवतो: रिजेक्शन कमी केलं तर बक्षीस. ऐकायला बरं, पण इथं कामाच्या प्रेरणेचा अभ्यास करणाऱ्या व्रूमचा 1964 सालचा गुणाकार आडवा येतो. माणूस मनात तीन गोष्टी गुणतो: मी जोर लावला तर जमेल का, जमलं तर बक्षीस नक्की मिळेल का, आणि त्या बक्षिसाची मला किंमत किती. वाळूतला ओलावा सँड प्लँटच्या हातात. लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं) थांबून धातू गार झाला आणि कोल्ड शट आलं, म्हणजे धातूचे दोन प्रवाह नीट जुळले नाहीत, तर ते धातू ओतणाऱ्या पोरिंगवाल्याकडं. मोल्डरच्या हातात रिजेक्शनचा थोडाच वाटा. म्हणून समजा पहिला आकडा 0.3, बाकी दोन्ही 0.9. गुणाकार 0.24. बक्षीस वाढवून तिसरा आकडा अगदी 1 केला तरी 0.27. तेच, दोष कारणाप्रमाणं वेगळे मोजून मोल्डरला फक्त त्याच्याकडनं होणारे दोष लावले आणि पहिला आकडा 0.7 वर आला, तर 0.57. खर्च काय, तर मोल्डवर शिफ्ट आणि मोल्डरच्या जोडीचा नंबर उठवायचा आणि दोषांची नोंद रोज संध्याकाळी लाइनवर आणायची. नोंदीत नंबर आणि दोष एवढंच. रिजेक्शनच्या बोर्डावर माणसाचं नाव लिहिलं की तो दोष कमी करत नाही, लपवायला शिकतो.

पैशाबद्दलचा मोठा गोंधळ डेसी या मानसशास्त्रज्ञानं 1971 साली दाखवला. कॉलेजच्या पोरांना सोमा नावाचं ठोकळ्यांचं कोडं दिलं, तीन बैठका. दुसऱ्या बैठकीत एका गटाला सुटलेल्या प्रत्येक कोड्याला एक डॉलर. प्रत्येक बैठकीत मधेच आठ मिनिटं पोरांना मोकळं सोडायचं, शेजारी मासिकंही ठेवलेली. तिसऱ्या बैठकीत पैसे बंद झाले आणि आधी पैसे घेतलेल्यांचा कोड्यात रमण्याचा वेळ घसरला. 1999 साली अशा 128 प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला. आधी कबूल केलेलं बक्षीस कामातली गोडी मारतं, कौतुक ती गोडी वाढवतं.

पण थांबा, ‘पैसे देऊच नका’ असा याचा अर्थ काढणारेही आहेत, आणि ते मला जास्त धोक्याचे वाटतात. गोडी मरायला आधी गोडी असावी लागते. साच्यासाठी नमुना बनवणाऱ्या पॅटर्नमेकरचं काम डोक्याचं, तिथं नगावर पैसे लावले की तो विचार करायचा थांबतो. फेटलिंगला ग्राइंडर धरून आठ तास धूळ खाणाऱ्याची कसली गोडी मारणार? तिथं रोख पैसे द्या, मास्क द्या, दर वाढवा.

तिथं आणखीही एक करता येतं. डेसी आणि त्याचा सहकारी रायन माणसाच्या तीन मूळ गरजा मानतात: आपल्या मर्जीनं करणं, जमतंय असं वाटणं, आपली माणसं असणं. काम कंटाळवाणं असेल तेव्हा त्यांच्या प्रयोगांतनं तीन गोष्टी उपयोगी ठरल्या. कारण सांगायचं, कंटाळा येतो हे मान्य करायचं, आणि ‘केलंच पाहिजे’ची भाषा कमी करायची. लाइनवर ते असं दिसतं: मशीनशॉपमधला तुटलेला इन्सर्ट (धातू कापणाऱ्या हत्याराचं पातं) आणून फेटलिंगवाल्याच्या हातात द्यायचा. “दादा, काम किचकट आहे, माहितीये. पण ह्या कडंला वाळू राहिली की हे असं होतंय. आधी कुठली कड घ्यायची ते तुम्ही ठरवा.” तो इन्सर्ट उलटसुलट करून बघतो, अंगठ्यानं तुटकी बाजू चाचपतो आणि विचारतो, “कितीला येतो हो हा?”