आहेर, विष आणि स्थळ

जर्मनीत बिऱ्हाड थाटल्यापासून ‘आहेर’ या शब्दाची किंमत मला कळली. सांगलीत असताना आम्ही सगळे खुशाल ‘गिफ्ट’ म्हणायचो. वाढदिवसाचं गिफ्ट, रिटर्न गिफ्ट, बारशाला काय गिफ्ट द्यायचं. आता लायप्झिगला राहते आणि इथे गिफ्ट म्हणजे विष. उंदीर मारायच्या औषधाच्या खोक्यावर ‘रॅटनगिफ्ट’ असं छापलेलं असतं, आणि ते उंदराच्या वाढदिवसासाठी नसतं.

हे मी आईला फोनवर दोनदा समजावलं होतं. पण आईचा पोस्टातल्या बाईंवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास. त्यात दादाने सल्ला दिला, “पार्सलवर गिफ्ट लिही, ड्यूटी लागत नाही.” सल्ला तसा खराच. युरोपबाहेरून घरच्या माणसाने घरच्या माणसाला पाठवलेली 45 युरोंपर्यंतची भेटवस्तू सुटते. तुपातले लाडू मात्र सुटत नाहीत, दुधाच्या पदार्थांना बंदी आहे. म्हणून आईने मेतकूट पाठवायचं ठरवलं. डबा मांजरपाटात शिवला, शिवणीवर लाखेची टिपं दिली, आणि ड्यूटीवाल्यांचा कसलाही गैरसमज नको म्हणून चारही बाजूंना जाड निळ्या मार्करने, मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं: गिफ्ट.

पार्सल आलं तेव्हा मी ऑफिसात. जर्मनीत अशा वेळी पार्सल शेजारी ठेवून जातात. आमच्या शेजारीण बाई पंचाहत्तरीच्या, अत्यंत सज्जन, आणि पूर्व जर्मनीत वाढलेल्या. तिथे शाळेत पाचवीपासून रशियन सक्तीचं असे, त्यामुळे इंग्रजीशी त्यांचा संबंध ‘ओके’पुरता. संध्याकाळी त्यांनी दार उघडलं ते हातात पिवळे रबरी मोजे घालून.

“तुमचं पार्सल बाल्कनीत ठेवलंय,” त्या म्हणाल्या. “आत घेतलं नाही. माफ करा, पण त्यातून पिवळी पूड गळतेय.”

खरंच गळत होती. वासही सुटला होता. मेतकुटातल्या हिंगाला जर्मन भाषेत जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘सैतानाची विष्ठा’ असा होतो, तेव्हा “नुसता हिंग आहे हो” म्हणून त्यांना धीर द्यायचीही सोय नव्हती. टेबलावर एका चिठ्ठीवर त्यांनी एरफुर्टच्या विषबाधा केंद्राचा फोन नंबर काढून ठेवला होता. मी बोट पुडीत बुडवून चाटून दाखवलं. बाईंनी खुर्चीच धरली.

मग रीतसर खुलासा करावा लागला, आणि त्यासाठी आधी मलाच शब्दकोश धुंडाळावे लागले. मूळ एकच आहे. इंग्रजीतलं ‘गिव्ह’ आणि जर्मनमधलं ‘गेबेन’ म्हणजे देणे, त्याचं नाम ‘गिफ्ट’ म्हणजे दिलेली गोष्ट. जुन्या जर्मनमध्येही गिफ्टचा अर्थ भेट असा होता. पण ग्रीक वैद्य औषधाच्या मात्रेला ‘डोसिस’ म्हणत, म्हणजे पुन्हा ‘देणं’च. जर्मनांनी त्याचं आपल्या भाषेत ‘गिफ्ट’ करून टाकलं. आता दिलेल्या मात्रेने रोगी उठला की निजला, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. हळूहळू दुसराच अर्थ पक्का झाला आणि भेटीला वेगळा शब्द आला. यात आपण नाकं मुरडायचं कारण नाही. आपल्याकडेही विष असं तोंडाने कोण म्हणतं? “त्याला कोणीतरी काहीतरी घातलं हो,” एवढंच म्हणतात आणि ऐकणारा समजतो. बांगडी फुटली तर ‘वाढली’ म्हणणाऱ्यांनी जर्मनांना हसू नये.

आणि तो ‘डोस’ आपल्या ‘दान’चा सख्खा नातेवाईक. दोन्ही ‘दा’ धातूच्या घराण्यातले. उपदेशाचे डोस पाजणाऱ्या सासऱ्यांना मी हे सांगितलं, तेव्हापासून ते स्वतःला दानशूर समजतात.

ऑफिसातल्या एका इंग्रज सहकाऱ्याला हे सगळं फारच विनोदी वाटलं. विषाला गिफ्ट म्हणणारे लोक म्हणून तो हसत सुटला. त्याचं ‘पॉयझन’ कुठून आलं ते मी त्याला ऐकवलं. लॅटिन ‘पोटिओ’, म्हणजे नुसतं पेय. पिणे या अर्थाच्या ज्या धातूतून ते आलं, त्याच घराण्यातलं संस्कृत ‘पा’, त्याचं ‘पानीय’, आणि त्याचं आपलं पाणी. म्हणजे साहेबांचं विष हे आमच्या पाण्याचं चुलत भावंड. तो गप्प झाला आणि हातातल्या पाण्याच्या बाटलीकडे संशयाने बघू लागला.

जर्मनमध्ये भेटीचा जुना अर्थ एकाच जागी उरलाय: ‘मिटगिफ्ट’, मुलीसोबत दिलेलं, म्हणजे हुंडा. आज ऐकणाऱ्याला तो ‘सोबतचं विष’ असाच ऐकू येतो. आपल्याला 1961 साली कायदा करावा लागला, यांचं शब्दावरच भागलं असतं. डच लोक व्यवहारी. त्यांनी ‘गिफ्ट’ देणगीला ठेवलं, शेवटचा ‘ट’ काढून ‘गिफ’ विषाला दिलं, आणि दोघांची भांडणं मिटवली.

खरा घोळ घातला स्वीडनने. तिथे गिफ्ट म्हणजे विषही आणि विवाहितही. यावर स्वीडिश नवरे जे विनोद करतात ते सगळे तुमच्या मनात आत्ता आलेच आहेत, मी ते लिहीत नाही. पण त्या ‘विवाहित’चं मूळ ऐकून आई एकदम खूश झाली. ‘गिफ्ट’ म्हणजे लग्नात दिलेली. “मग आपणही तेच म्हणतो की! थोरली कोल्हापुरात दिली, तुला लायप्झिगात दिली.” फक्त स्वीडनमध्ये पुरुषही स्वतःला ‘गिफ्ट’ म्हणवतात. दिलेला नवरा ही कल्पना आईला अजून पचायची आहे.

हे पुराण इथेच संपलं असतं, पण माझा मावसभाऊ स्वीडनमध्ये योटेबोरीला असतो आणि मावशी त्याच्यासाठी स्थळं बघतेय. मिरजेच्या एका मुलीकडच्यांनी लग्न झालेलं नसल्याचा सरकारी कागद मागितला. परदेशातला मुलगा, काळजी रास्तच. स्वीडनमध्ये असा दाखला करखातं देतं. त्याने तो पाठवला, त्यावर वैवाहिक स्थिती या रकान्यात लिहिलेलं: ‘ओगिफ्ट’. ‘ओ’ म्हणजे नकार, म्हणजे अविवाहित. पण मावशीच्या फोनातलं भाषांतराचं अ‍ॅप माझ्या कृपेने जर्मनवर लावलेलं. तिने कागदावर फोन धरला, आणि भलतंच काहीतरी वाचून रात्री साडेअकराला मला फोन केला.

“अगं, सरकारने लिहून दिलंय की आपल्या पोरात विष नाही. आधी काय शंका होती का त्यांना?”

मी समजावेपर्यंत उशीर झाला होता. मावशी सरळ स्वभावाची, तिने मुलीच्या वडिलांना आधीच फोन करून सांगून टाकलं होतं की मुलगा निर्विष आहे, स्वीडन सरकारचा तसा शिक्का आहे.

ते म्हणे जरा वेळ थांबले. मग म्हणाले, “ते उत्तमच झालं ताई. पण पगार हातात किती येतो?”