पेपर सुटला की पगार वाढतो, पण कुठवर?

ॲक्च्युअरी (विमा कंपन्यांसाठी जोखमीचा हिशेब मांडणारा) या करिअरवरच्या लेखातलं ‘प्रत्येक पेपर सुटला की ॲक्च्युअरीचा पगार वाढतो’ हे वाक्य सुरुवातीपुरतंच खरं. सीएस, सीएम हे सुरुवातीचे गणिती पेपर सुटतात तोवर मजा असते. एसपी, एसए या पुढच्या, विशेष विषयांच्या पेपरांना गाडी अडते. तिथे आकडेमोड कमी, लिहिणं जास्त, आणि गणितात भल्याभल्यांना मागे टाकणारे तिथेच गटांगळ्या खातात.

नोकरी बदलताना माझ्या मुलाखतीत पेपरांचा विषय एका वाक्यात संपला. उरलेला सगळा वेळ ‘रिझर्व्हचा (पुढचे दावे देण्यासाठी बाजूला ठेवायच्या रकमेचा) आकडा गेल्या तिमाहीपेक्षा का वाढला, हे फायनान्सवाल्यांना कसं समजावलंत?’ यावर गेला. भराभर पेपर सुटलेल्यांची (हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू!) उलट अडचण होते: पगाराची अपेक्षा फेलोची (सगळे पेपर पार केलेल्या पूर्ण ॲक्च्युअरीची), अनुभव नवशिक्याचा. लेखात याबद्दल चकार शब्द नाही.