पद्मिनीचे काटे

वडिलांनी घेतलेली 1986 सालची प्रीमियर पद्मिनी माझ्या वाट्याला आली, तेव्हा तिच्या डॅशबोर्डवरचे सगळे काटे सेवानिवृत्त झालेले होते. वेगाचा काटा शून्यावर पहुडला होता, पेट्रोलचा काटा बारा महिने रिकामी टाकी दाखवत होता आणि तापमानाचा काटा कधी काळी हलला होता, याला घरात एकही साक्षीदार उरला नव्हता. तरीही वडील बिनघोर पंढरपूरला जाऊन येत. पेट्रोल किती उरले आहे हे ते आम्हा भावंडांना गाडी हलवायला लावून, टाकीच्या तोंडाशी कान नेऊन ओळखत. ही विद्या मला वारशात मिळाली नाही. म्हणून एका एप्रिलमध्ये, म्हणजे सोलापुरात शहाण्या माणसाने पंख्याखालून उठू नये अशा महिन्यात, मी काटे दुरुस्त करायला घेतले.

वेगाचे मीटर मुळात फार सभ्य यंत्र आहे. गिअरबॉक्सकडून आलेली केबल एका चुंबकाला फिरवते, त्या चुंबकाच्या ओढीने शेजारची ॲल्युमिनियमची वाटी वळू पाहते आणि केसाएवढी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते; या रस्सीखेचीत काटा जिथे स्थिरावेल तो आपला वेग. ऑटो शुल्झे या जर्मन माणसाने 1902 साली या युक्तीचे पेटंट घेतले. चुंबक आणि वाटी एकमेकांना अजिबात शिवत नाहीत आणि तरीही एकमेकांना स्वस्थ बसू देत नाहीत, हे वाचून मला आमच्या एकत्र कुटुंबाची आठवण झाली.

दोष फक्त तुटलेल्या केबलचा होता. ती बदलून, ग्रीस लावून मी थांबायला हवे होते. पण मीटर उघडलेच आहे तर तबकडीही पुसावी, असे वाटले. चहाचे दोन चमचे दोन बाजूंनी लावून मी काटा अलगद उचकटला आणि स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने तबकडी पुसली. बोळा पाहिला तर 60 हा आकडा त्याच्यावर आला होता आणि तबकडीवर 40 नंतर एकदम 80 होते.

ऐन लग्नसराईत मी ती तबकडी घेऊन लग्नपत्रिका छापणाऱ्या एका स्क्रीन प्रिंटरकडे गेलो. त्याने तबकडी उलटसुलट पाहून विचारले, “किती प्रती, मालक?”

“एकच.”

“एकासाठी स्क्रीन करायची म्हणजे शंभराएवढाच खर्च की ओ. वर ‘श्री गणेशाय नमः’ टाकू का?”

गणपती मी मोठ्या विनयाने नाकारला, परंतु शाई त्या दिवशीच्या पत्रिकांचीच वापरली गेल्यामुळे आकडे शेंदरी आले. मुलाने याला कस्टमायझेशन असे नाव दिले आणि त्याला साजेसे म्हणून मूळच्या मंद पिवळ्या बल्बांच्या जागी निळे एलईडी बसवले. रात्री आमचा डॅशबोर्ड एखाद्या मंगल कार्यालयासारखा दिसू लागला.

काटा काढण्यापूर्वी तो शून्यापाशी त्याला अडवणाऱ्या खिळीच्या खाली, स्प्रिंगच्या ओढीने नेमका कुठे विसावतो याची खूण करून ठेवावी लागते, हे मला काटा शून्यावर बसवून झाल्यानंतर कळले. परिणामी आमचा वेग फुगला. होटगी रस्त्यावर मीटर 60 दाखवत असताना दुधाचे दोन कॅन लटकवलेली एक लूना आम्हांला मागे टाकून निघून गेली.

पेट्रोल आणि तापमान ही दोन मीटरे विजेची असल्यामुळे तेवढे काम मी एका मिस्त्रीकडे सोपवले. टाकीतला तरंगा नवा आला, तारा नव्या आल्या, आणि आम्ही सहकुटुंब तुळजापूरला निघालो.

निघताना पेट्रोलचा काटा तळाशी होता, म्हणून पंपावर थोडे पेट्रोल घेतले. काटा हलला नाही. मात्र शहर सुटल्यावर तो हळूहळू वर चढू लागला. पेट्रोल काट्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, असे मी घरच्यांना समजावून सांगितले. पुढे जसजशी गाडी धावू लागली तसतसे पेट्रोल वाढत गेले, आणि त्याच वेळी एप्रिलच्या भर दुपारी इंजिन कणाकणाने थंड होत गेले. पत्नीने तुळजाभवानीला मनोमन हात जोडले. मी श्रेय ग्रीसला दिले.

तामलवाडीच्या पुढे टाकी काठोकाठ भरली, इंजिन बर्फासारखे गार झाले, आणि बॉनेटमधून वाफेचा लोट उठून गाडी जागीच थांबली.

मुलगा डॅशबोर्डखाली डोके घालून बराच वेळ पाहत राहिला. मिस्त्रीने दोन्ही मीटरांच्या तारा अदलाबदल करून जोडल्या होत्या. मघापासून इंजिनाचा ताप पेट्रोल म्हणून वाढत होता आणि संपत चाललेले पेट्रोल थंडावा म्हणून दिसत होते.

“अहो,” पत्नी म्हणाली, “मामंजी कान लावायचे तसं बघा ना एकदा.”

तिने आणि मुलाने दोन बाजूंनी गाडी गदागदा हलवली. मी टाकीचे झाकण काढून कान लावला. आतून कसलाच आवाज आला नाही. डॅशबोर्डवर मात्र निळ्या उजेडात टाकी अजून काठोकाठ भरलेली होती.