वाट अरुण ‘नदीच्या अलीकडूनच दाखवलं’: मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या एका दिवसाच्या बँकॉक सहलीबद्दलचा तुमचा दोन स्टारचा अभिप्राय काल रात्री वाचला. बँकॉकमधला तुमचा एकुलता एक मोकळा दिवस मनासारखा गेला नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. व्हॅनचा एसी मागच्या सीटपर्यंत पोचत नव्हता हे खरं आहे. जेवायला अडीच वाजले हेही खरं. त्यावर वाद नाही.

पण ‘पैसे पूर्ण घेतले आणि वाट अरुण नदीच्या अलीकडूनच दाखवलं, सरळ फसवणूक आहे’ हे वाक्य जिव्हारी लागलं. (वाट अरुण म्हणजे नदीपलीकडचं ते देऊळ.) वाट अरुणचं तिकीट माणशी 200 बाट. नऊ जणांचे 1800 बाट मी त्याच रात्री तुमच्या यजमानांकडे परत पाठवले. त्यांचा अंगठ्याचा इमोजीही आलाय. अभिप्रायात त्याचा उल्लेख नाही, म्हणून इथे लिहावं लागतंय.

आता वेळेचं. आपलं ठरलं होतं सकाळी साडेसातला हॉटेलमधून निघायचं. कारण ग्रँड पॅलेस साडेआठला उघडतो, आणि तेव्हा ऊनही कमी असतं, गर्दीही. प्रत्यक्षात व्हॅन हलली आठ पन्नासला. नाश्ता, आंघोळी, मोठं कुटुंब, समजू शकतो. पण सुकुमवित रोडवर त्या वेळी गाड्या कशा तुंबतात ते तुम्ही पाहिलंतच. राजवाड्याशी पोचलो दहा वाजून पाच मिनिटांनी.

आणि मग ते टुकटुक, म्हणजे इथली रिक्षा. खरं तर हे चारचौघांत लिहायचं नव्हतं. आमच्या गाईडताई तिकिटाच्या रांगेत होत्या. तेवढ्यात फाटकाबाहेर एका सुटाबुटातल्या माणसाने तुमच्यातल्या दोघांना सांगितलं, आज समारंभ आहे, राजवाडा एक वाजेपर्यंत बंद, तोवर चाळीस बाटमध्ये शहर फिरवून आणतो. ही या शहरातली फार जुनी थाप आहे. टुकटुकवाला रत्नांच्या दुकानात नेतो आणि दुकानदार त्याला पेट्रोलचं कुपन देतो. मी बुकिंगच्या वेळी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या सूचनांमध्ये हे तिसऱ्या क्रमांकावर आहे, ठळक अक्षरांत. दोघं परत आले ते बारा वाजता, नीलमाची डबी घेऊन. बाकीच्या सातांची तिकिटं हातात होती, पण त्यांच्याशिवाय आत जायचं नाही असं तुमच्या सासूबाईंचं म्हणणं पडलं. ते बरोबरच होतं, माझी आई असती तर तीही हेच म्हणाली असती. पण दोन तास गेले ते गेलेच.

राजवाडा ‘धावतपळत उरकला’ असंही तुम्ही लिहिलंय. दीड तास आत होतात, ताई. त्यातला निम्मा वेळ पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवतीच्या ओवरीत गेला. तिथे भिंतींवर रामायण रंगवलंय, 178 चित्रं. इथे त्याला रामकियन म्हणतात. सासरेबुवा नातवंडांना एकेक चित्र समजावत होते. गाईडताईंनी मला फोन केला, काय करू? मी म्हणालो, बघू द्या, आजोबांना असं पुन्हा कधी मिळणार. तो निर्णय माझा होता.

फाहुरात या भारतीय वस्तीत जेवण, मग वाट फो हे देऊळ. 46 मीटरचा निजलेला बुद्ध बघून तिघीजणी तिथल्या प्रसिद्ध मालिशसाठी बसल्या, पायांची, अर्धा तास. बाहेर पडायला सव्वापाच. साडेसहाला तुमच्या डिनर क्रूझचं रिपोर्टिंग. ती क्रूझ आमच्या पॅकेजमध्ये नव्हती, तुम्ही स्वतंत्र बुक केली होती आणि तिचे पैसे परत मिळणारे नव्हते. तिथून जवळच्या था तिएनच्या धक्क्यावरून नदीपलीकडे वाट अरुणला जायला होडीचे पाच बाट आणि जेमतेम पाच मिनिटं लागतात, मान्य. पण ते देऊळ सहाला बंद होतं, आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये क्रूझ गाठायची होती. म्हणून विचारलं, क्रूझ की देऊळ? उत्तर ‘क्रूझ’ असं आलं.

एक गोष्ट गाईडताईंसाठी. त्या ‘चला चला’ असं उद्धटपणे ओरडत होत्या, असं तुम्ही लिहिलंय. इथल्या कायद्याप्रमाणे गाईडचं काम फक्त थाई नागरिकच करू शकतात, म्हणून मला स्वतःला ग्रुपसोबत तसं फिरता येत नाही. त्यांना मराठीचे दहा-बाराच शब्द येतात, आणि ‘चला चला’ त्या आपल्याच लोकांकडून शिकल्या. मागे ‘हं का’ लावायचं मी आता शिकवतोय. तुमचा अभिप्राय मी त्यांना वाचून दाखवला नाही.

आमच्याकडून काय चुकलं? गाईडताई रांगेत असताना ग्रुपजवळ कुणीतरी थांबायला हवं होतं. ड्रायव्हर थांबू शकला असता. पुढे तशी काहीतरी व्यवस्था करू. एसीचंही बघतो, आणि वेळापत्रकात थोडी फट ठेवायचा विचार आहे.

आमचं मोठं ऑफिस नाही. मी आणि बायको, एक भाड्याची व्हॅन, आणि एकूण 31 अभिप्राय. त्यात दोन स्टार एकदा आले की दिवाळीच्या चौकश्या कशा थंडावतात ते मलाच माहीत. स्टार वाढवा असं म्हणणार नाही, पण ‘फसवणूक’ एवढा एक शब्द काढता आला तर बघा.

सासूबाईंची घडीची छत्री व्हॅनमध्ये राहिली आहे. जुलैत पुण्याला येतोय, तेव्हा घरी आणून देतो.