भूतनगरी म्हणे!

सकाळी चहाचा कप घेऊन फेसबुक उघडलं आणि चहा पार थंड होईपर्यंत धुमसत बसले. ओळखीतल्या एका फोटोग्राफर गृहस्थांनी जॉर्जिया देशाच्या ट्रिपचा अल्बम टाकलाय. गाव त्स्काल्तुबो, अल्बमचं नाव 'भूतनगरी'. सगळे फोटो ब्लॅक अँड व्हाइट, आभाळ भरून आलेलं, खाली 'काय भारी फ्रेम' आणि 'अंगावर काटा आला'ची रांग. एका बाल्कनीच्या फोटोखाली कुणीतरी विचारलंय, इतका क्लीन कसा आला? साहेबांचं उत्तर : "कपड्यांची दोरी मध्ये येत होती, मोबाइलवर पुसून टाकली." पुढे डोळा मारणारी स्मायली.

अहो, दोरी होती म्हणजे कपडे होते. कपडे काय भुतं वाळत घालतात?

आम्ही 2019 च्या सप्टेंबरात गेलो होतो. तिबिलिसीहून भाड्याची गाडी, रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवताना नवऱ्याचा जीव मुठीत, आणि वळणावळणावर गाई बसलेल्या, त्यामुळे जरा घरच्यासारखं वाटलेलं. चिआतुरात मँगनीजच्या खाणींचे गंजलेले रोपवे बघितले, मग कुटाइसी. तिथून त्स्काल्तुबो अगदी जवळ. माझी यादी तयारच होती : पडके सॅनेटोरियम (उपचारासाठी येऊन राहायची आरोग्यधामं), खांब, जिने, फुटक्या काचा. मैत्रिणीचा भाचा कुटाइसीत एमबीबीएस करत होता, तो मोडक्यातोडक्या जॉर्जियनसह दुभाष्या म्हणून आला.

तर ती बाल्कनी. मी गवतात आडवी पडून खांबांचा अँगल लावतेय आणि वर एक आजी आल्या, कपडे उलटे करायला. मी काय करावं? हातानं खूण केली, जरा बाजूला व्हा! त्यांच्या घरात त्यांना! त्या झाल्याही. आणि जाताना दोरीवरचे अर्धे कपडे भराभर ओढून घेऊन गेल्या. पाहुणे दारात दिसले की आपण ओढतो ना, तसे.

हे गाव ओस का पडलं हे त्या अल्बममध्ये एका ओळीनंही नाही. सोव्हिएत काळात रेडॉन हा किरणोत्सारी वायू असलेल्या कोमट, औषधी मानलेल्या पाण्यासाठी मॉस्कोहून थेट रेल्वेनं माणसं इथे यायची. खाणकामगारांचं सॅनेटोरियम वेगळं, धातुकामगारांचं वेगळं. स्टालिनसाठी तर खास स्नानगृह, सहा नंबरचं, अजून चालू आहे. 1991 ला सोव्हिएत देशच मोडला, यायचं कोण? मग 1992-93 मध्ये अबखाझियात, म्हणजे जॉर्जियातून फुटू पाहणाऱ्या समुद्राकाठच्या प्रांतात, युद्ध झालं. 27 सप्टेंबर 1993 ला तिथली राजधानी सुखुमी (जॉर्जियनमध्ये सोखुमी) पडली आणि दोन लाखांवर जॉर्जियन लोकांना घरंदारं सोडून पळावं लागलं. त्यातली हजारो माणसं या रिकाम्या सॅनेटोरियममध्ये आणून ठेवली. तात्पुरती. आम्ही गेलो तेव्हा त्या तात्पुरत्याला पंचवीस वर्षं होऊन गेलेली.

आजींनी वर बोलावलं. मी नको नको म्हणत होते, खरं तर उजेड चालला होता आणि मला अजून दोन इमारती उरकायच्या होत्या (हो, 'उरकायच्या'च). एका खोलीत पलंग, शिवणयंत्र, शेगडी. मूळ खोली कुणा कामगाराच्या तीन आठवड्यांच्या उपचारापुरती. त्यांनी छोट्या भांड्यात कॉफी उकळली, अंजिरं पुढे केली. भाच्यानं विचारलं, मूळ गाव कुठलं? "सोखुमी." आणि मग हातानं दाखवलं ते भाषांतराशिवाय कळलं : तिथे समुद्र दिसायचा. निघताना त्यांनीच विचारलं, फोटो नीट आला ना? दोरीवरचे कपडे काढले होते मी.

इथे मला त्या गृहस्थांवर ओरडायचा हक्क आहे का, हा प्रश्न अर्धी पोस्ट लिहून झाल्यावर पडलाय. त्यांनी बोटानं दोरी पुसली, मी त्या बाईकडून ती उतरवून घेतली. वर, उरलेले कपडे मी घरी येऊन क्रॉप केले. फोटो ग्रुपवर टाकला, 'एकांत' असं नाव दिलं आणि कौतुक गोळा केलं. माझ्या यादीतल्या बऱ्याच जणांनी तेव्हा बदाम टाकलाय, शोधा हवं तर.

मान्य आहे, इमारती पडक्याच होत्या. वरच्या मजल्यांवरचे पाइप-गज लोकांनी कधीच भंगारात घातलेले. फोटो बघून पर्यटक येतात, गावात चार पैसे खेळतात, हेही मान्य. सरकारनं बऱ्याच कुटुंबांना फ्लॅट दिले आणि 2022 मध्ये इमारती विकायला काढल्या, चांगलंच झालं. पण म्हणून माणूस असताना 'नाही' म्हणायचं? कोकणातल्या आपल्या बंद घराचा कुणी असा व्हिडिओ केला तर आपण काठी घेऊन धावू. मग तिकडची बाई 'मध्ये येते' कशी?

भाच्याला मघाशी मेसेज केला. तो आता नागपुरात इंटर्नशिप करतोय. म्हणाला, मावशी, त्या आजींचं नाव आपण विचारलंच नव्हतं.

मूळ फोटो हार्डडिस्कवर सापडला, खाली टाकलाय, न कापलेला. डावीकडे दोन उशांचे अभ्रे, एक निळा झगा आणि दाराआड अर्धा दिसणारा हात. खांब तिरके आलेत, माहितीये. आणि कृपा करा, कुणीही 'काय भारी फ्रेम' लिहू नका.