जिंकलं कोण, ते बुधवारी सांगतो

नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटच्या आमच्या मराठी ग्रुपवर परवा कुणीतरी टाकलं, "नॅसकार म्हणजे चार तास डावीकडे वळणाऱ्या गाड्या. यात बघायचं काय?" खाली पंचवीस-तीस हसरे चेहरे. (नॅसकार ही अमेरिकेतली मोटारींच्या शर्यती भरवणारी संघटना, बहुतेक शर्यती गोल ट्रॅकवर.) मी तिथे गप्प बसलो, कारण इथे आलो तेव्हा मीही हेच म्हणायचो. पण डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

मी इथे आलो जानेवारी 2001 मध्ये. एका बँकेत कंत्राटी प्रोग्रामर, गाडी नाही, ओळखीचं कुणी नाही. 18 फेब्रुवारीच्या रविवारी अपार्टमेंटच्या तळघरात कपडे धुवायला टाकले होते आणि तिथल्या टीव्हीवर डेटोना 500, म्हणजे नॅसकारची सगळ्यात मानाची पाचशे मैलांची शर्यत, चालू होती. शेवटच्या फेरीत एक काळी गाडी, 3 नंबरची, घसरून वर भिंतीवर आदळली. बघताना वाटलं, किरकोळ आहे. त्याच शर्यतीत आधी एक गाडी हवेत गरगरत गेली होती आणि त्यातला माणूस वाचला होता. मी कपडे घेऊन वर आलो.

सोमवारी ऑफिसच्या दारातल्या सिक्युरिटीवाल्या बाई रडत होत्या. मला वाटलं घरचं कुणी गेलं. विचारलं तर म्हणाल्या, "डेल गेला." मी विचारलं, "तुमचा कोण तो?" त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिल्या ती मी अजून विसरलेलो नाही.

डेल अर्नहार्ट. नॅसकारच्या मुख्य मालिकेचा सात वेळा विजेता. शार्लटपासून अर्ध्या तासावरच्या कनॅपोलिस गावचा. शेवटच्या फेरीत तो तिसरा होता आणि पुढचे दोघे त्याच्याच मालकीच्या टीमच्या गाड्यांत होते. पहिला मायकल वॉल्ट्रिप, ज्याने तोवरच्या 462 शर्यतींत एकही जिंकलेली नव्हती, आणि दुसरा अर्नहार्टचा स्वतःचा मुलगा. अर्नहार्टच्या कवटीचा तळ फुटला. धड पट्ट्याने सीटला घट्ट बांधलेलं, डोकं मात्र मोकळं, ते पुढे फेकलं जातं. त्याआधीच्या नऊ महिन्यांत आणखी तीन ड्रायव्हर दगावले होते. डोकं-मान धरून ठेवणारं 'हान्स' नावाचं साधन बाजारात होतं, पण अर्नहार्टला ते आवडायचं नाही. त्याच ऑक्टोबरात असं साधन सक्तीचं झालं, पुढे भिंतींनाही धक्का सोसणारं आवरण आलं. त्यानंतर आजवर नॅसकारच्या मुख्य मालिकेच्या शर्यतीत एकही ड्रायव्हर गेलेला नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं ते कनॅपोलिस.

गाडी घेतल्यावर एकदा सहज गेलो तिथे. जाऊन बघतो तर गिरणगाव! मधोमध कॅननची अवाढव्य टॉवेलची गिरणी, भोवती कामगारांची एकसारखी छोटी लाकडी घरं. एका वस्तीतल्या रस्त्यांना मोटारींवरून नावं, सेडान, कोच अशी. त्याच कोपऱ्यावर अर्नहार्टचं घर. बाप राल्फ गिरणीत कामाला होता. ती नोकरी सोडून तो आठवड्याच्या मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींवर घर चालवायला लागला, घरामागच्या शेडमध्ये गाड्या बांधायचा. मुलाने नववीत शाळा सोडली. 2003 च्या जुलैत ती गिरणीही बंद पडली आणि हजारो लोक एका झटक्यात घरी बसले. मी लालबागचा. माझे अण्णा विणाई खात्यात साचेवाले होते. 82 च्या संपानंतर आमच्या चाळीत काय झालं ते ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना एका पोस्टमध्ये सांगता येणार नाही. त्या गावातल्या बंद गेटासमोर उभं राहून मी अण्णांना फोन केला होता, एवढंच सांगतो.

अण्णांना या खेळात गंमत वाटायला लागली ती वेगामुळे नाही. साचेवाल्याला कापडाच्या मापावर पैसे. त्यामुळे साचा कसा चालला यापेक्षा शिफ्ट संपताना कारकुनाच्या वहीत काय चढलं, याची धास्ती जास्त. मी फोनवर एखादी शर्यत सांगितली की ते विचारायचे, "फेऱ्या मोजतं कोण?"

इतक्या नेमक्या जागी बोट ठेवलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही. कारण पन्नास-साठ वर्षांपूर्वी फेऱ्या माणसं मोजायची. प्रत्येक गाडीमागे एक मोजणारा, बऱ्याचदा ड्रायव्हरची बायकोच. आपली गाडी समोरून गेली की घड्याळ बघायचं आणि कार्डावर वेळ टाकायची. पाचशे मैल, तीस-चाळीस गाड्या, सगळ्या धुळीने एका रंगाच्या. कुणी शिंकलं तर एक फेरी गेली!

सुरुवातच बघा. बिल फ्रान्स नावाच्या उंचापुऱ्या गृहस्थाने डिसेंबर 1947 मध्ये डेटोना बीचवरच्या स्ट्रीमलाइन हॉटेलच्या गच्चीवरच्या बारमध्ये माणसं जमवली आणि नॅसकार उभी केली. 19 जून 1949 ला इथे शार्लटमध्ये, आताच्या विमानतळाजवळच्या मातीच्या ट्रॅकवर, पहिली 'स्ट्रिक्टली स्टॉक' शर्यत. स्टॉक म्हणजे शोरूममधून निघते तशी गाडी, काही फेरफार करायचे नाहीत. पब्लिक स्वतःच्या घरच्या गाड्या घेऊन आलं होतं. ली पेटी नावाच्या गृहस्थाने मागून आणलेली ब्युइक ट्रॅकवर उलटवली, आणि त्याचा अकरा वर्षांचा मुलगा रिचर्ड ते बघत होता. पहिला आला ग्लेन डनवे, तोही तीन फेऱ्यांनी पुढे. मग तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे पसरून कडक केलेले निघाले. कारण ती गाडी हातभट्टीची दारू वाहायची. शंभरेक गॅलन माल भरला तरी मागून बसायला नको, नाहीतर पोलिसाला लांबूनच कळतं. डनवे बाद, आणि कॅन्ससहून लिंकन घेऊन आलेला जिम रोपर विजेता. गाडीमालक कोर्टात गेला, दहा हजार डॉलरचा दावा लावला. न्यायाधीशाने तो उडवून लावला.

म्हणजे या खेळाच्या पहिल्याच शर्यतीत जो पहिला आला तो जिंकलाच नाही. आणि बाद झाला तो दारूच्या गाडीपायी! नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात तेव्हा चांगला ड्रायव्हर आणि चांगला मेकॅनिक घडायचा तोच मुळी या धंद्यात. विल्क्स काउंटीचा ज्युनिअर जॉन्सन रस्त्यावर कधी पोलिसांच्या हाती लागला नाही. 1956 मध्ये सापडला तो बापाच्या भट्टीपाशी, अकरा महिने आत गेला, बाहेर येऊन पुन्हा गाडीत बसला आणि पुढे एकूण पन्नास शर्यती जिंकला. शेवटी रीगनने 1986 मध्ये माफी दिली. इथल्या हॉल ऑफ फेममध्ये त्याने स्वतः बांधलेली भट्टी मांडून ठेवली आहे. मुलाच्या शाळेची सहल तिथे गेली होती, आणि त्याने घरी येऊन आईला दारू कशी गाळतात ते सविस्तर सांगितलं. आमच्याकडे त्या संध्याकाळी थोडी शांतता होती.

पुढे 1959. फ्रान्सने डेटोनाचा नवा ट्रॅक बांधला. अडीच मैलांचा, वळणावर 31 अंशांचा उतार. उभं राहून वर चढून बघा, हात टेकावे लागतात. 22 फेब्रुवारीच्या पहिल्या डेटोना 500 मध्ये तीन गाड्या एका रेषेत आल्या: ली पेटी, जॉनी बोशँप, आणि एक फेरी मागे असलेला जो वेदर्ली. शर्यत संपल्याचा झेंडा पडला, बोशँपला विजेता ठरवलं, फोटो निघाले. पेटी म्हणाला, छे, मीच. तेव्हा शेवटच्या रेषेवर फोटो-फिनिशचा कॅमेरासुद्धा नव्हता. फ्रान्सने वर्तमानपत्रांचे फोटो आणि न्यूजरीलच्या फिती गोळा केल्या, रविवारचा निकाल बुधवारी लावला. पेटी जिंकला. तीन दिवस देशभरातल्या पेपरांत डेटोना, डेटोना. फ्रान्स काही दुधखुळा नव्हता, त्याला ही फुकटची जाहिरात नको होती असं मला वाटत नाही.

आणि हाच ली पेटी चार महिन्यांनी काय करतो? अटलांटाच्या लेकवूडला एकवीस वर्षांचा रिचर्ड पहिला येतो. पोरगं पहिल्या विजयाचं कौतुक करून घेतंय तेवढ्यात तक्रार दाखल होते, मोजणी चुकली आहे. तक्रार करणारा खुद्द बाप! कार्डं पुन्हा तपासली, बापाचं बरोबर निघालं, बाप पहिला, मुलगा दुसरा. रिचर्ड पुढे दोनशे शर्यती जिंकला, हा विक्रम कुणी मोडेल असं दिसत नाही. पण पहिली बापाने काढून घेतली ती घेतलीच. अण्णांना हा किस्सा फार आवडला. "बरोबर केलं," म्हणाले. मला अजूनही तो अर्धाच आवडतो.

इथवर सगळं गमतीचं आहे. आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

वेंडेल स्कॉट. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा. टॅक्सी चालवलेला, दारू वाहिलेला, स्वतः मेकॅनिक. कृष्णवर्णीय. दक्षिणेत, साठच्या दशकात. टीममध्ये पगारी माणसं नाहीत, घरची पोरंच पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, टायर बदलणार. दुसऱ्यांनी वापरलेले सुटे भाग लावून गाडी जपून पळवायची, कारण शर्यत अर्धवट सुटली तर परतीच्या पेट्रोलचे वांधे. 1 डिसेंबर 1963 ला फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या मातीवर तो पुढे निघून गेला. दोन फेऱ्या पुढे. झेंडा पडला तो मात्र बक बेकर नावाच्या गोऱ्या ड्रायव्हरला. ट्रॉफी त्याला, फोटो त्याचा. काही तासांनी, लोक घरी गेल्यावर, अधिकाऱ्यांनी सांगितलं की मोजणीत चूक झाली, स्कॉट जिंकला. तेव्हा बेकर ट्रॉफी घेऊन निघून गेला होता.

विजेत्याला तिथली सुंदरी ट्रॉफी देते, गालावर ओठ टेकते. गोऱ्या मुलीने काळ्या माणसाला तसं भर मैदानात करायला नको म्हणून ही 'चूक' झाली, असं स्कॉट स्वतःही मानायचा. मोजणी अवघड होती हे मला मान्य आहे, वर मीच सांगितलं. पण 1959 ला मोजणी चुकली तेव्हा फ्रान्सने तीन दिवस फिती बघितल्या. 1963 ला चूक संध्याकाळीच सापडली, तरी ट्रॉफी पोचायला जवळपास 58 वर्षं लागली. ऑगस्ट 2021 मध्ये, स्कॉटच्या शंभराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, डेटोनात त्याच्या घरच्यांना ती मिळाली. तो स्वतः 1990 मध्येच गेला होता. याला चूक म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवतो.

म्हणून डावीकडे वळणाऱ्या गाड्या म्हणून हसलेलं मला आवडत नाही, आणि "आमचा निर्मळ खेळ, राजकारण आणू नका" म्हणणारे इथले जुने चाहतेही आवडत नाहीत. 2004 च्या मे महिन्यात मी पहिल्यांदा 600 मैलांची शर्यत बघायला गेलो तेव्हा पार्किंगमध्ये पावलोपावली कॉन्फेडरेट झेंडे होते, गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेतल्या राज्यांचे. मी आणि बायको, हातात दहीभाताचा डबा, थोडे बिचकलेलोच. आमची सीट खालच्या रांगेत, स्वस्तातली. गाड्या सुटल्या तेव्हा आवाज कानात नाही, छातीत ऐकू आला. शेजारच्या दाढीवाल्या आजोबांनी न विचारता कानात घालायचे बोळे दिले, मग एका कानाचा हेडफोन काढून दिला, त्यात ड्रायव्हर पिटशी काय बोलतो ते ऐकू यायचं. टायरचं झिजलेलं रबर उडून काळे कण दहीभातावर पडत होते. ते त्यांनी बघितलं आणि हसून म्हणाले, इथली मिरपूड. त्यांच्या गाडीवर तो झेंडा होता का, मी बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. नॅसकारने तो झेंडा बंद केला जून 2020 मध्ये. उशीर किती झाला ते तुम्हीच मोजा.

आता मोजणी इलेक्ट्रॉनिक आहे, गाडीत ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रेषा ओलांडली की आपोआप नोंद. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. तरी 4 ऑक्टोबर 2021 ला अलाबामातल्या टॅलाडेगाच्या ट्रॅकवर काय झालं बघा. पावसामुळे रविवारची शर्यत सोमवारी गेली. मी घरून काम करत होतो, एका स्क्रीनवर मीटिंग, दुसरीकडे शर्यत. 188 पैकी 117 फेऱ्या झाल्या, बबा वॉलेस पुढे, आणि पुन्हा पाऊस. गाड्या थांबवल्या. आता ट्रॅक वाळला तर शर्यत पुढे चालणार, नाही वाळला तर वॉलेस विजेता. स्कॉटनंतर या मालिकेत जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय ड्रायव्हर. तो पिटमध्ये उभा, आणि त्याच्यामागे कुंपणाला चिकटून ओले झालेले लोक वरून पाऊस मागत होते.

मी मीटिंगमध्ये माईक बंद करून अण्णांना फोन लावला. मुंबईत रात्र होती, ते जागेच होते. मी सांगितलं, अण्णा, पुढे आहे पण अजून जाहीर करत नाहीयेत.

"कोण बघतंय मोजायला?"

"मशीन आहे अण्णा."

"मशीनला विचारून सांगणारा कोण?"

फोन चालू असतानाच जाहीर झालं. मी ओरडलोच, बायको धावत खाली आली. अण्णांना जरा वेळ काय झालं ते कळेना. मग कळलं.

"ट्रॉफी?"

"देतायत अण्णा. आत्ता, तिथेच."

"हातात दिली का बघ आधी," ते म्हणाले. "मग ठेव फोन."